एफ बार कॉर्ड वाजत नाही? आधी गिटार तपासा, मग बोट

माझ्या ओसरीवर गिटार शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं एकाच जागी अडकतं. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) येतो, ए मायनर येतो, जी थोडा छळतो पण येतो. मग एफ, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायचा बार कॉर्ड, समोर येतो आणि महिनाभरात गिटार खुंटीला लागते. "सर, बोटात जोरच नाही जी माह्या," हे मी प्रत्येकाकडून ऐकतो. दिवसभर वावरात डवऱ्याचं रुमणं दाबून धरणाऱ्या पोराच्या बोटात जोर नाही, हे मला पटत नाही. जोर भरपूर असतो. तो चुकीच्या जागी लागतो, आणि जे शेवटी करायचं ते पहिल्याच दिवशी केलं जातं, इतकंच.

त्यामुळे खाली सगळा भर क्रमावर आहे. टप्पे उलटसुलट करू नका. एखादा टप्पा दोन दिवसांत होईल, एखाद्याला दोन आठवडे लागतील. दोन्ही ठीक आहे.

मोजणी आधी पक्की करा

गिटार मांडीवर घेतली की जमिनीकडची सर्वांत बारीक तार पहिली आणि तुमच्या तोंडाकडची सर्वांत जाड तार सहावी. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, आणि दोन फ्रेटमधली लाकडी जागा म्हणजे घर. डोक्याकडे जी पांढरी खाच पाडलेली पट्टी असते ती नट. नट आणि पहिला फ्रेट यांच्यामधलं ते पहिलं घर.

पूर्ण एफ कॉर्ड असा: तर्जनी पहिल्या घरात सहाही तारांवर आडवी, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात, करंगळी चौथ्या तारेवर तिसऱ्या घरात. सहावीकडून पहिलीकडे वाचलं तर घरं होतात १, ३, ३, २, १, १.

आता नीट पाहा. पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसरी बोटंच दाबत आहेत. म्हणजे तर्जनीने खरोखर दाबायच्या तारा तीनच: सहावी, दुसरी आणि पहिली. सहाही तारा सारख्या दाबायच्या या समजुतीनेच निम्मा जोर वाया जातो.

टप्पा १: गिटार तपासा

हा टप्पा कोणीच करत नाही, म्हणून इथे जास्त वेळ थांबतो.

मी स्वतः एफवर दोन महिने घालवले. रोज रात्री अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. एका ऑर्केस्ट्रातल्या जुन्या वादकाने गिटार हातात घेतली, पहिल्या घरात एक बोट ठेवलं आणि म्हणाला, "बावा, ह्या नटवर तारा किती उंच हायेत पाह्यलं का?" दुकानातून आणल्यापासून नटच्या खाचा पुरेशा खोल नव्हत्या. खाचा नीट करून घेतल्या आणि चार दिवसांत कॉर्ड वाजू लागला. तेव्हापासून नवं पोरगं आलं की मी आधी त्याची गिटार मागतो.

तपासणीसाठी कंपासपेटीतली स्केल, झेरॉक्सचा साधा कागद, ट्यूनर (मोबाइलवरचा चालेल) आणि एक कॅपो (सगळ्या तारा एका घरात दाबून ठेवणारा चिमटा) लागेल. कॅपो नसेल तर षटकोनी पेन्सिल तारांवर आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबराने मानेला घट्ट बांधा. तपासणीपुरतं काम भागतं. झालं की सोडून ठेवा, रात्रभर तसंच बांधून ठेवू नका.

आधी सूर लावा. सूर चढा असेल तर तारा विनाकारण कडक लागतात. जाड तारेकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. पाचवी तार ११० हर्ट्झ दाखवेल.

मग बाराव्या फ्रेटवर उंची मोजा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. कंपासपेटीतल्या स्केलचा शून्य काठापासून सुरू होत नाही, काठाला दोनतीन मिलिमीटर कोरी जागा असते. ती जागा तशीच ठेवून मोजलं तर उंची कमी दिसेल आणि वाईट गिटारही चांगली ठरेल. जुनी प्लॅस्टिकची स्केल शून्यावर कापून घ्या. स्टीलच्या तारांच्या गिटारवर पहिल्या तारेखाली साधारण २ मिमी आणि सहावीखाली अडीचच्या आसपास असेल तर उत्तम. साडेतीन-चार मिमी असेल तर त्या गिटारवर एफ शिकणं म्हणजे बोटांचा छळ आहे.

तिसरी तपासणी नटची. पहिली तार तिसऱ्या घरात दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढी बारीक फट हवी. कागदाची घडी करकरून चार पदरही सहज सरकत असतील तर नट उंच आहे. सहाही तारांना हे करा.

याच गोष्टीची कॅपोने खात्री होते. पहिल्या घरात कॅपो लावा आणि दुसऱ्या घरात तर्जनी आडवी ठेवून पाहा. मग कॅपो काढून तीच तर्जनी पहिल्या घरात ठेवा. कॅपोसह स्वच्छ वाजतं आणि कॅपोशिवाय मरतं, तर दोष तुमच्या बोटात नाही, नटमध्ये आहे.

इशारा: नटच्या खाचा घरच्या कानशीने घासू नका. खाच एकदा जास्त खोल गेली की तार मोकळी वाजवतानाही खरखरते आणि नट बदलावा लागतो. मानेतल्या सळईचा स्क्रूही पाहून पाहून फिरवू नका. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याचं. तो तालुक्याला नसतो, त्यासाठी अमरावती किंवा नागपूरला जावं लागतं हे मला माहीत आहे. बाजारहाटाला किंवा दवाखान्याला जाणं होईल तेव्हा गिटार सोबत न्या. ती एक फेरी दोन महिन्यांचा त्रास वाचवते.

तारा गंजलेल्या, काळपट असतील तर बदला. नवशिक्याने ०.०१० इंचाची पहिली तार असलेला एक्स्ट्रा लाइट सेट मागावा. दुकानदार ०.०१२ चा देत असेल तर नको म्हणा. आवाज थोडा बारीक येईल, पण आत्ता आपल्याला कॉर्ड हवा आहे. नायलॉन तारांच्या गिटारला मात्र स्टीलच्या तारा कधीही लावू नका, त्या ताणाने ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा अडकवलेली पट्टी, उखडून येतो.

आणि आपल्याकडचं हवामान. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ५० किलोच्या वर असतो. उन्हात गोंद मऊ झाला की तो ताण ब्रिजला उचलू लागतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. म्हणून मार्चमध्ये वाजणारा एफ ऑगस्टमध्ये अचानक कठीण वाटू लागतो, आणि पोरगं समजतं की आपण विसरलो. गिटार टिनाखाली, गाडीवर उन्हात किंवा कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलरची ओली हवा तारा आठवड्यात गंजवते. घरातल्या मातीच्या भिंतीच्या, सावलीच्या खोलीत, पिशवीत बंद करून ठेवलेली गिटार सर्वांत चांगली राहते.

टप्पा २: बैठक आणि डावा हात

हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू नका. खुर्चीचा हात डाव्या कोपराला अडवतो आणि कोपर मोकळं नसेल तर तर्जनी सपाट बसतच नाही. बाजेवरही नको, बाज मध्ये खचते आणि पाठ वाकते. ओट्याची कड, स्टूल किंवा लाकडी पेटी चांगली.

गिटार डाव्या मांडीवर घ्या आणि डाव्या पायाखाली एक वीट ठेवा. मान आपोआप वर उचलली जाते, डोकं खांद्याच्या उंचीला येतं आणि मनगट सरळ राहतं. उजव्या मांडीवर घेऊन मान जमिनीला समांतर ठेवली की मनगट काटकोनात मोडतं. मोडलेल्या मनगटाने बार कॉर्ड धरणं म्हणजे नळीला पीळ देऊन पाणी यायची वाट पाहणं. पुढे कॉर्ड बसला की हवी त्या मांडीवर घ्या.

अंगठा मानेच्या पाठीमागे, मध्यावर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या समोर. तो वरून डोकावत असेल तर तळवा मानेला चिकटतो आणि तर्जनी वाकडी होते.

आता महत्त्वाचं. दाब अंगठ्याच्या चिमट्यातून काढायचा नाही. उजव्या हाताचा पुढचा भाग गिटारच्या अंगावर टेकलेला असतो, त्याने गिटार हलकेच छातीशी धरा. डावं कोपर जड होऊन खाली लोंबू द्या आणि दंडाने बोटं किंचित मागे, स्वतःकडे ओढा. भरलेली बादली उचलताना आपण बोटं आवळत नाही, बोटांचा आकडा करतो आणि वजन हात पेलतो, तसंच.

तपासा: सहाही तारांवर तर्जनी ठेवून अंगठा मानेपासून एक बोट दूर करा. आवाज पूर्ण मरायला नको, थोडा तरी सूर यायला हवा. अंगठा काढताच सगळं मरत असेल तर तुम्ही चिमटा काढत आहात, दंड वापरत नाही.

टप्पा ३: तर्जनीशिवायचा आकार

बहुतेक जण आधी तर्जनी आडवी करतात आणि मग उरलेली बोटं कशीबशी बसवायला जातात. उलट करा.

तुम्हाला ई कॉर्ड येतो. तो तर्जनी न वापरता धरा: मधलं बोट तिसऱ्या तारेवर पहिल्या घरात, अनामिका पाचव्या तारेवर दुसऱ्या घरात, करंगळी चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात. तर्जनी नटच्या वर हवेत मोकळी. पहिले काही दिवस हाताला हे विचित्र वाटेल, कारण करंगळीला आजवर काही काम दिलेलं नव्हतं.

एक आठवडा ई कॉर्ड असाच वाजवा. करंगळी आणि अनामिका एकाच घरात शेजारी उभी राहतात, दोघींची टोकं फ्रेटच्या जवळ हवीत. नखं काढलेली हवीत, तांदळाच्या दाण्याएवढं नखही टोक तिरपं करतं.

तपासा: हात पूर्ण उचलून मांडीवर ठेवा आणि पुन्हा आकार धरा. तिन्ही बोटं एकाच वेळी तारांवर उतरली पाहिजेत. एकेक करून उतरत असतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: पाचव्या घरात तर्जनी

पहिल्या घरात शिकायला सुरुवात करणं ही सर्वांत मोठी चूक आहे. नटपासून ब्रिजपर्यंत ६५० मिमी माप असलेल्या गिटारवर पहिलं घर सुमारे ३६ मिमी रुंद असतं आणि पाचवं २९ मिमी. त्यात पहिल्या घराला नट अगदी चिकटलेला, त्यामुळे तार तिथे सर्वांत ताठ लागते. पाचव्या घरात बोटं कमी ताणावी लागतात आणि तार मऊ लागते.

मागच्या टप्प्यातला आकार सरकवत न्या: मधलं बोट सहाव्या घरात, अनामिका आणि करंगळी सातव्यात. आता तर्जनी पाचव्या घरात आडवी टेकवा. हा ए कॉर्ड झाला, घरं ५, ७, ७, ६, ५, ५.

तर्जनीबद्दल चार गोष्टी.

ती पाचव्या फ्रेटला जवळजवळ खेटून हवी, घराच्या मधोमध नको. फ्रेटपासून जितकी दूर तितका जास्त जोर.

ती पोटावर सपाट नको. नटच्या दिशेने, म्हणजे अंगठ्याकडच्या कडेवर थोडी कलती करा. बोटाचं पोट मऊ असतं, त्यात तार रुतते आणि दबत नाही. कडेला हाड जवळ आहे.

तिचं टोक सहाव्या तारेच्या जेमतेम बाहेर डोकावावं. अर्धं पेर बाहेर काढलं की बोटाचा खालचा सांधा नेमका बारीक तारांवर येतो.

आणि सांध्याची घडी कुठल्या तारेखाली येते ते पाहा. यासाठी एक सोपा उपाय आहे. कॉर्ड दहा सेकंद धरा, हात काढा आणि तर्जनी उजेडात धरा. तारांचे वळ उठलेले दिसतील. ते कडेवर असले पाहिजेत. दुसऱ्या तारेचा वळ नेमका घडीत लपलेला असेल तर ती तार घडीच्या खड्ड्यात बसते आहे, कितीही दाबलं तरी वाजणार नाही. बोट दोनतीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा आणि पुन्हा वळ पाहा. प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या जागी असतात, म्हणून दुसऱ्याचं बोट पाहून आपलं ठेवता येत नाही. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या पोरांचं नेमकं इथेच चुकतं.

एकेक तार वाजवून पाहा

आता वरून खाली झणकार देऊ नका. सहावीपासून एकेक तार सावकाश छेडा आणि ऐका.

सहावी दबत नसेल तर तर्जनीचं टोक कमी पडतं आहे किंवा वर उचललं गेलं आहे. पाचवी खरखरत असेल तर अनामिका फ्रेटपासून मागे राहिली आहे. चौथी मरत असेल तर करंगळी आडवी पडली आहे, तिला टोकावर उभी करा. तिसरी मुकी असेल तर दोष बहुतेक वेळा मधल्या बोटाचा असतो, पोरं मात्र तर्जनी आणखी दाबत बसतात. दुसरी मुकी असेल तर घडी. पहिली खरखरत असेल तर कोपर शरीरापासून लांब गेलं आहे. ते बरगडीकडे आणा, तर्जनीचं मूळ आपोआप तारेवर बसतं.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि पुन्हा सहाही तारा ऐका. सहापैकी पाच वाजल्या तर तो दिवस चांगला गेला असं समजा.

इशारा: बोटांची टोकं हुळहुळणं ठीक आहे, दोनतीन आठवड्यांत त्वचा घट्ट होते. अंगठ्याच्या मुळाशी ठणका, मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर लगेच थांबा. त्या दिवशी पुन्हा नको. मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर डॉक्टरला दाखवा.

वावरातलं काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचून आलेल्या बोटांना वाळलेल्या बोंडाची टोकं टोचलेली असतात, नखांच्या कडेला बारीक चिरा पडतात. त्यावर स्टीलची तार दाबली की चीर उघडते आणि आठवडाभर काहीच करता येत नाही. वेचणीच्या दिवसांत टप्पा ३ मधले बोटं उतरवण्याचे सराव न दाबता करा. रात्री बोटांना खोबरेल तेल लावा, पण सरावाआधी नाही. फवारणी करून आलात तर आधी साबणाने हात स्वच्छ धुवा. शिवाय पंपाचा दांडा दिवसभर डाव्या हाताने मारला असेल तर त्या संध्याकाळी बार कॉर्ड करूच नका. सकाळी वावरात निघण्याआधीची दहा मिनिटं जास्त कामाची.

टप्पा ५: पाचवरून एकवर उतरा

पाचव्या घरात सहाही तारा तीन दिवस लागोपाठ स्वच्छ वाजल्या की चौथ्या घरात या. मग तिसऱ्या, मग दुसऱ्या. प्रत्येक घरात किमान दोन दिवस. घर मोठं होत जातं तशी करंगळी मागे राहू लागते, तिच्यावर लक्ष ठेवा.

दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना अचानक सगळं बिघडेल. हे अपेक्षित आहे. अशा वेळी दोन उपाय आहेत.

एक, सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा. ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण एक सूर उतरवल्या तर २० टक्क्यांच्या आसपास. आठवडाभर तशाच तारांवर पहिल्या घरात सराव करा, मग अर्धा-अर्धा सूर चढवत मूळ जागी या.

दोन, कॅपो दुसऱ्या घरात लावून आकार तिसऱ्या घरापासून धरा. मग कॅपो पहिल्या घरात, मग काढून टाका.

मला पहिला उपाय जास्त आवडतो, कारण बोटांची अंतरं खऱ्या एफचीच राहतात.

तपासा: पहिल्या घरातला एफ खरंच एफ आहे का, हे कानाने पाहायचं तर भजनी मंडळाची पेटी आहेच. पांढरी ४, पांढरी ६ आणि वरच्या सप्तकातली पांढरी १ एकत्र दाबा. एफ कॉर्डमध्ये हेच तीन सूर आहेत. पांढरी ४ ला सा मानलं तर सा, ग, प. त्यातला ग तुमच्या तिसऱ्या तारेवर, मधल्या बोटाखाली असतो. ती तार मुकी असेल तर कॉर्ड पोकळ ऐकू येतो, झणकारात चूक लपते पण पेटीसमोर उघडी पडते. जुनी पेटी थोडी चढी-उतरी असू शकते, तेव्हा गिटार आधी पेटीला मिळवून घ्या.

टप्पा ६: पकडा आणि सोडा

कॉर्ड वाजला म्हणजे आला असं नाही. तो धरायला पंधरा सेकंद लागत असतील तर गाणं पुढे निघून जातं.

कॉर्ड धरा, एकदा वाजवा. बोटं तारांवरून न उचलता फक्त दाब सोडा. पुन्हा दाबा, वाजवा. असं पाच वेळा. मग बोटं बोटभर वर उचला, आकार हवेत तसाच ठेवा आणि पुन्हा उतरवा, पाच वेळा. मग हात गुडघ्यावर ठेवून परत आणा, पाच वेळा. एकूण पाच मिनिटं. मग हात झटका, पाणी प्या, किमान तासभर दुसरं काम करा. दिवसातून अशा दोनतीन बैठका पुरेत. रात्री एकदाच तासभर बसून दात-ओठ खात केलेला सराव हाताला आवळायलाच शिकवतो.

दाब सोडण्याचा भाग गाळू नका. चांगला वादक बार कॉर्ड सतत आवळून धरत नाही, वाजवण्याच्या क्षणी दाबतो आणि मधल्या जागेत हात ढिला सोडतो. म्हणूनच तो तासभर वाजवू शकतो.

टप्पा ७: सी वरून एफ

एफवर यायचा सर्वांत सोपा रस्ता सी वरून आहे, आणि त्याचं कारण फार थोडी पोरं पाहतात. सी कॉर्डमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात असते. एफमध्येही ती तिथेच असते. म्हणजे ती हलवायचीच नाही.

सी धरा. अनामिका रोवलेली ठेवा. मधलं बोट चौथ्या तारेवरून त्याच दुसऱ्या घरात तिसऱ्या तारेवर उतरवा. करंगळी अनामिकेच्या शेजारी चौथ्या तारेवर ठेवा. तर्जनी दुसऱ्या तारेवर उभी होती, ती शेवटी आडवी करा. आधी हे चार तुकड्यांत करा, न वाजवता. मग दोन तुकड्यांत. मग एका झटक्यात.

आता मोबाइलवर मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. सी चार मात्रा, एफ चार मात्रा. बदल वेळेत होत नसेल तर सी तीन मात्रा वाजवून चौथी मात्रा रिकामी सोडा आणि त्यात हात हलवा. ताल मोडू नका. कॉर्ड अर्धवट लागला तरी पहिली मात्रा चुकवायची नाही. थांबून, कॉर्ड नीट करून मग पुढे जाण्याची सवय लागली तर ती एफपेक्षा जास्त दिवस छळते.

सी-एफ एका मिनिटात वीस वेळा बदलता आला की ए मायनर-एफ घ्या. जी-एफ सर्वांत शेवटी, तिथे चारही बोटं जागा सोडतात आणि धरून ठेवायला एकही बोट उरत नाही.

तोपर्यंत गाण्यात काय वाजवायचं

गणपतीत किंवा लग्नाच्या आदल्या रात्री बसून गायचं असेल तर एफ येईपर्यंत थांबायची गरज नाही. छोटा एफ वाजवा: तर्जनी फक्त पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मधलं बोट तिसऱ्यावर दुसऱ्या घरात, अनामिका चौथ्यावर तिसऱ्या घरात. पाचवी-सहावी वाजवायची नाही. तेही जड जात असेल तर पहिली तार मोकळी सोडा, तो एफ मेजर सेव्हन होतो, थोडा वेगळा पण गोड लागतो. किंवा पहिल्या घरात कॅपो लावून ई चा आकार धरा, सूर एफचाच येतो. मात्र कॅपो लावला की बाकीचे कॉर्डही अर्धा सूर खालचे धरावे लागतात, ते घरीच लिहून ठेवा.

हे सगळं कार्यक्रमापुरतं. सरावाच्या बैठकीत छोटा एफ आणू नका. हाताला सोपी वाट दाखवली की तो अवघड वाटेवर यायला तयार होत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर आणि पुन्हा मार्च लागल्यावर बाराव्या फ्रेटची उंची परत मोजा. मापं गिटारच्या पिशवीत एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून ठेवा. एखाद्या दिवशी एफ पुन्हा मुका झाला तर आधी ती चिठ्ठी काढा.